हिटलरच्या हद्दीत चोरून फोटो काढणारा वैमानिक निजामासाठी रात्री बीदरला बंदुका उतरवायचा

१७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी नांदेडपासून लातूरपर्यंत झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतलं जातं, रझाकारांच्या अत्याचाराच्या आठवणी निघतात आणि सरदार पटेलांच्या पोलीस ॲक्शनची गोष्ट सांगितली जाते.

पण या गोष्टीतलं एक पात्र सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. ना तो निजामाच्या दरबारातला होता, ना रझाकार. जन्माने ऑस्ट्रेलियन, धंद्याने वैमानिक आणि स्वभावाने जुगारी. १९४८ च्या पावसाळ्यात त्याची विमानं रात्रीच्या अंधारात कराचीहून निघायची, भारताची हद्द बेधडक ओलांडायची आणि बीदर, वरंगळच्या धावपट्टीवर बंदुका उतरवून परत जायची.

त्याचं नाव सिडनी कॉटन.

आजही एखाद्या देशाची विमानं दुसऱ्याच्या हद्दीत घुसली की ब्रेकिंग न्यूज होते. लढाऊ विमानं झेपावतात, राजदूताला बोलावून घेतलं जातं, निषेधाचे खलिते जातात. हा सगळा खेळ नेमका कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर या एका माणसाचं आयुष्य पुरेसं आहे. कारण दुसऱ्याच्या आकाशात शिरायचं आणि पकडलं जायच्या आत बाहेर पडायचं, हेच त्याने जन्मभर केलं.

तेलकट कपड्यांनी नाव कमावून दिलं

फ्रेडरिक सिडनी कॉटनचा जन्म १७ जून १८९४ चा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात बोवेन नावाच्या गावाजवळ. घरची मोठी शेतीवाडी आणि गुरं, त्यामुळे खाऊनपिऊन सुखी कुटुंब. शिक्षणासाठी पोराला इंग्लंडलाही धाडलं. पण याचं डोकं वहीत कमी आणि इंजिनात जास्त.

पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१५ मध्ये तो ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत भरती झाला. तेव्हाच्या विमानांना वर छत नसायचं. वैमानिक उघड्यावर बसायचा आणि उंचीवर गेल्यावर थंडीने त्याची बोटं बधिर व्हायची. एकदा घाईघाईत कॉटन दुरुस्तीच्या कामाचे तेल-ग्रीसने माखलेले कपडे अंगावर असतानाच उडाला. खाली उतरल्यावर बाकीचे कुडकुडत होते आणि हा मात्र मजेत होता.

दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं. कॉटनने विचार केला. तेलामुळे कापडातली छिद्रं बुजली, वारा आत शिरला नाही, म्हणून ऊब टिकली. त्यावरून त्याने वैमानिकांसाठी अंगभर एकसंध असा खास पोशाख तयार करवून घेतला. त्याच्याच नावावरून त्या पोशाखाला सिडकॉट सूट म्हणू लागले आणि ब्रिटिश वैमानिकांनी तो पुढे कित्येक वर्षं वापरला.

मात्र वरिष्ठांशी त्याचं कधीच पटलं नाही. १९१७ मध्ये वाद घालून त्याने नोकरी सोडली. हुशारी आणि भांडण ही जोडी त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत सोबत राहिली.

युद्ध संपल्यावर त्याने विमानाच्या जिवावर मिळेल ते काम केलं. कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलँडमध्ये बर्फावरचे सील प्राण्यांचे कळप आकाशातून शोधून शिकाऱ्यांना कळवले. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना बेपत्ता झालेल्या दोन फ्रेंच वैमानिकांचा शोध घेतला. पैसा कमावला, उडवला, परत कमावला. पुढे डुफेकलर नावाच्या रंगीत फिल्मच्या धंद्यात शिरला.

या फिल्मच्या धंद्यामुळे तो युरोपभर हिंडायचा. स्वतःचं विमान, मोठमोठ्या ओळखी आणि हातात कॅमेऱ्याचं ज्ञान. ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याला नेमका असाच माणूस हवा होता.

व्यापारी विमान, पोटात कॅमेरे

१९३८-३९ चा काळ. हिटलरची तयारी चालू आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुठे किती विमानतळ बांधलेत, कुठल्या बंदरात कोणती जहाजं उभी आहेत, याचा पुरावा ब्रिटनकडे नव्हता. लष्करी विमान पाठवावं तर ते सरळ हद्दीचं उल्लंघन. पाडलं गेलं तर युद्धाला निमित्त मिळणार.

इथे थोडा कायदा समजून घेऊ. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस करारात ठरलं की देशाच्या जमिनीवरचं आकाशही त्याच देशाच्या मालकीचं. पुढे १९४४ च्या शिकागो कराराने तेच तत्त्व आणखी पक्कं केलं. परवानगीशिवाय दुसऱ्या देशाच्या आकाशात लष्करी विमान नेता येत नाही. नागरी विमानाला मात्र परवानगी काढून जाता येतं.

ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या फ्रेड विंटरबॉथमने हीच फट हेरली. कॉटनला व्यापारी म्हणून पुढे करायचं, परवानगीने जर्मनीत जायचं आणि जाता-येता फोटो काढायचे.

त्यासाठी अमेरिकन बनावटीचं लॉकहीड १२ जातीचं छोटं प्रवासी विमान घेतलं. त्याच्या पोटाला भोकं पाडून आत कॅमेरे बसवले. भोकांवर सरकती झाकणं होती आणि ती वैमानिकाजवळच्या बटणावर उघडत. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळायचं नाही.

उंचीवरून फोटो काढताना एक मोठी अडचण असायची. थंडीमुळे भिंगावर दव जमायचं आणि चित्र धूसर यायचं. या विमानात आतली गरम हवा कॅमेऱ्यांवरून खेळत राहायची, त्यामुळे भिंगं कोरडी राहायची. तेलकट कपड्यांवरून ऊब ओळखणाऱ्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही.

बॉब निव्हन या कॅनडियन सहवैमानिकासोबत कॉटनने भूमध्य समुद्रावरचे इटलीचे तळ टिपले आणि जर्मनीतले विमानतळ टिपले. जुलै १९३९ मध्ये फ्रँकफर्टला विमानांचा मोठा मेळा भरला होता. तिथे जर्मन हवाई दलाचा जनरल केसलरिंग याला हे विमान इतकं आवडलं की त्याने फेरी मारायची इच्छा दाखवली. असं सांगतात की केसलरिंग स्वतः विमान चालवत असतानाच कॉटनने कॅमेऱ्यांचं बटण दाबलं. समोर लागलेल्या हिरव्या दिव्याबद्दल पाहुण्याने विचारलं, तेव्हा तो इंधनाचा दिवा आहे अशी थाप मारली.

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, युद्ध तोंडावर असताना, तो बर्लिनहून निघाला. जाता जाता विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरातल्या जर्मन युद्धनौकांचे फोटो काढूनच बाहेर पडला.

बंदुका काढा, वेग वाढवा

युद्ध सुरू झालं आणि लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर कॉटनच्या हाताखाली हवाई छायाचित्रणाची खास तुकडी आली. तोवर फोटो काढायला मोठी, सावकाश उडणारी विमानं जात आणि शत्रूच्या तावडीत सापडत. कॉटनच्या तुकडीने उलटा हिशेब मांडला. स्पिटफायर हे सगळ्यात चपळ लढाऊ विमान घ्यायचं, त्यातल्या बंदुका काढून टाकायच्या, वजन कमी करायचं, पत्र्यावरच्या फटी बुजवून अंग गुळगुळीत करायचं. शत्रूशी लढायचंच नाही. उंच जायचं, फोटो काढायचा आणि पळून यायचं.

विमानाला फिकट हिरवट रंग दिला, म्हणजे ते आभाळात मिसळून जाईल. हा रंग त्याला सुचला तो जोधपूरच्या महाराजांचं खासगी विमान उडताना पाहून, असं सांगितलं जातं. ते विमान बघता बघता आकाशात दिसेनासं झालं होतं. नोव्हेंबर १९३९ मध्ये लाँगबॉटम या वैमानिकाने अशा स्पिटफायरमधून पहिली मोहीम केली. पुढच्या काळात दोस्त राष्ट्रांच्या हेरगिरीचा मोठा भाग याच पद्धतीवर उभा राहिला.

कॉटन मात्र तिथे राहिला नाही. नियम मोडून कामं करणं, परस्पर खर्च करणं, वरिष्ठांचे शेलके शब्दांत वाभाडे काढणं हे चालूच होतं. जून १९४० मध्ये त्याच्याकडून तुकडी काढून घेतली. पुढच्या वर्षी ओबीई हा किताब दिला, पण काम दिलं नाही. युद्ध संपलं तेव्हा तो पन्नाशीत होता. ओळखी भरपूर होत्या, विमानं स्वस्तात विकायला निघाली होती आणि तो नव्या धंद्याच्या शोधात होता.

तेवढ्यात हैदराबादचं गिऱ्हाईक आलं.

चारही बाजूंनी भारत, मधे निजाम

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड आणि लातूर स्वतंत्र झाले नाहीत. आजचा सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तर बीदर जिल्ह्यात होता. म्हणजे ज्या बीदरला बंदुका उतरत होत्या, ते आजच्या लातूरमधल्या अनेक गावांचं तेव्हाचं जिल्ह्याचं ठिकाण होतं.

निजाम मीर उस्मान अलीला भारतात यायचं नव्हतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार केला. दरम्यान कासीम रझवीच्या रझाकारांनी धुमाकूळ घातला. हा रझवी लातूरमध्ये वकिली करायचा. तिथूनच तो इत्तेहादुल मुसलमीनच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला आणि अख्ख्या संस्थानाचं राजकारण त्याने ओलीस धरलं.

दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, ती लढ्याला पैसा मिळावा म्हणून. उदगीरकडच्या हत्तीबेटावर तरुणांनी हाती शस्त्रं घेतली.

निजामाकडे पैसा अमाप होता, नव्हती ती शस्त्रं. इंग्रज गेल्यावर शस्त्रांचा पुरवठा भारताच्या हातात आला आणि भारताने तो रोखून धरला. संस्थानाला समुद्रकिनारा नाही आणि चारही बाजूंनी भारत. रेल्वे आणि रस्त्यांवर भारताची नाकेबंदी.

मग राहिला एकच रस्ता, वरचा.

कराची ते बीदर, रातोरात

पंतप्रधान मीर लायक अलीच्या सरकारने कॉटनशी सौदा केला. कॉटनने लँकास्ट्रियन विमानं मिळवली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या लँकास्टर विमानालाच बदल करून मालवाहू बनवलं होतं, तेच हे लँकास्ट्रियन. चार इंजिनं आणि लांबचा पल्ला. कराचीहून माल भरायचा, बीदर किंवा वरंगळला उतरवायचा आणि उजाडायच्या आत परत.

नकाशा काढून कराचीपासून बीदरपर्यंत सरळ रेघ ओढून बघा. अंतर साधारण तेराशे किलोमीटर. ती रेघ सौराष्ट्रावरून येते, सुरतेजवळून जाते आणि शेवटी बीड, लातूरच्या माथ्यावरून बीदरला पोचते. सरळ या किंवा वळसा घालून या, भारताचं आकाश ओलांडल्याशिवाय हैदराबादला जाताच येत नव्हतं. रायफली, मशिनगन आणि दारूगोळा अशा रीतीने संस्थानात येत राहिला. कॉटनचं म्हणणं असं की नाकेबंदीत अडकलेल्या लोकांना तो औषधंही पुरवत होता. औषधं आली असतील, पण निजामाने एवढा पैसा मोजला तो शस्त्रांसाठी.

आता प्रश्न पडतो, भारताने ही विमानं पाडली का नाहीत?

पहिली अडचण म्हणजे दिसणं. विमान रात्री येतंय हे कळायला रडार लागतं आणि दख्खनच्या आकाशावर सलग नजर ठेवणारी रडारची साखळी तेव्हा नव्हती. दुसरी अडचण गाठण्याची. हवाई दलाकडे टेम्पेस्ट विमानं होती, पण ती दिवसा लढणारी. अंधारात लक्ष्य शोधून पाडणारी लढाऊ विमानं भारताकडे आली ती १९५० च्या दशकात. तिसरी अडचण कामाच्या ताणाची. त्याच वेळी काश्मीरमध्ये युद्ध चालू होतं आणि जे काही होतं नव्हतं ते तिकडे जुंपलेलं होतं.

चौथी अडचण सगळ्यात नाजूक. ही विमानं लष्करी नव्हती. ब्रिटिश नागरिकांनी चालवलेली नागरी विमानं होती. पाडलं असतं तर जगभर बोंब झाली असती आणि संयुक्त राष्ट्रांत जायला टपलेल्या हैदराबादला आयता मुद्दा मिळाला असता. १९३९ ला जर्मनीत वापरलेली युक्तीच कॉटन पुन्हा वापरत होता. काम लष्करी, कपडे व्यापाऱ्याचे.

आकाशात जमलं नाही, मग जमिनीवर

घुसखोर विमानाला उत्तर द्यायचे मुख्य मार्ग तीन. एक, ज्या देशाचं विमान आहे त्याला जाब विचारायचा. दोन, आपली विमानं पाठवून त्याला अडवायचं, उतरवायचं किंवा पाडायचं. तीन, ते जिथे उतरतं ती जागाच निकामी करायची. दुसरा मार्ग बंद होता, म्हणून भारताने पहिला आणि तिसरा वापरला.

विमानं आणि माणसं ब्रिटिश, म्हणून भारताने ब्रिटनकडे तक्रार केली. ब्रिटनलाही हे प्रकरण अंगाशी येणारं होतं, कारण भारत आणि पाकिस्तान दोघेही राष्ट्रकुलात होते. कॉटनवर हवाई वाहतुकीच्या कायद्याखाली लंडनमध्ये खटला झाला. शिक्षा झाली २०० पौंड दंडाची. एका संस्थानाला रातोरात शस्त्रं पुरवणाऱ्या माणसाला एवढीच किंमत मोजावी लागली.

तिसरा मार्ग १३ सप्टेंबर १९४८ ला वापरला गेला. त्या पहाटे ऑपरेशन पोलो सुरू झालं. मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या बाजूने फौजा आत शिरल्या. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, दुपारपर्यंत रणगाडे उमरग्याला पोचले. त्याच वेळी टेम्पेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. धावपट्टीच उखडली तर वर कितीही विमानं घिरट्या घालोत, उतरणार कुठे?

निजामाकडे ना हवाई दल होतं, ना विमानं पाडण्याची धड सोय. कॉटनच्या विमानांनी आणलेली शस्त्रं रणगाड्यांपुढे आणि विमानांपुढे टिकली नाहीत. १७ सप्टेंबरला बीदर हाती आलं आणि त्याच संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस याने चौधरींपुढे शरणागती पत्करली.

पण बंदुका युद्धात चालल्या नाहीत म्हणून त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही, असं नाही. विमानांतून येणाऱ्या शस्त्रांमुळे निजामाच्या सल्लागारांना वाटत राहिलं की आपण टिकू, आणखी थोडं ताणू. ताणण्याच्या त्या महिन्यांत रझाकारांचे हल्ले आणि जाळपोळ गावोगावच्या लोकांनी सोसली. त्यानंतर सूडाची लाट उलटली ती साध्यासुध्या मुसलमान कुटुंबांवर, ज्यांचा रझाकारांशी संबंधही नव्हता. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सगळ्यात जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले ते होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. कराचीत माल भरणाऱ्यांच्या हिशेबाच्या वहीत ही किंमत कधी आलीच नाही.

७१ वर्षांनी पुन्हा कोर्टात

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण पैशांमुळे ती संपली नाही. पोलीस ॲक्शन चालू असतानाच्या त्या धामधुमीत निजामाच्या अर्थमंत्र्याने लंडनच्या बँकेतले १० लाख पौंडांहून थोडे जास्त पैसे पाकिस्तानचे ब्रिटनमधले उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या खात्यावर वळते केले. निजामाने लगेच सांगितलं की याला माझी परवानगी नव्हती. बँकेने पैसे गोठवले आणि ते तसेच पडून राहिले. व्याज चढत चढत रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली.

लंडनच्या उच्च न्यायालयात हा खटला शेवटाला आला तेव्हा पाकिस्तानने सांगितलं की हे पैसे हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांच्या बदल्यात होते. त्यामुळे सिडनी कॉटनची ती रात्रीची उड्डाणं पुन्हा कोर्टात चर्चेला आली. शस्त्रं पोचवली गेली, यात पाकिस्तानची मदत होती, हे समोर आलं. पण हे पैसे त्या शस्त्रांची किंमत म्हणून दिले, हा दावा न्यायालयाने मानला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला.

कॉटन तेव्हा हयात नव्हता. हैदराबादनंतर त्याने तेलाच्या धंद्यासह बरेच उद्योग करून पाहिले, पण जुनी भरभराट परत आली नाही. १३ फेब्रुवारी १९६९ ला इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याला क्वीन्सलँडमध्ये नेऊन पुरलं. त्याच वर्षी त्याची जीवनकथा पुस्तकरूपाने आली. जेम्स बाँड घडवताना इयान फ्लेमिंगच्या डोळ्यांसमोर जी माणसं होती त्यात कॉटनही होता, असंही काही जण मानतात. तिकडे लातूरचा वकील कासीम रझवी तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीतच वारला. ज्या शहरातून त्याच्या राज्याला बंदुका यायच्या, त्याच शहरात.

कॉटननंतर आकाशाचं काय झालं?

त्याने सुरू केलेला खेळ थांबला नाही, उलट मोठा झाला. उंच जायचं, फोटो काढायचे आणि निसटायचं ही कल्पना अमेरिकेने यू-टू विमानात आणली. १ मे १९६० ला सोव्हिएत रशियाने ते क्षेपणास्त्राने पाडलं आणि चार राष्ट्रांची शिखर परिषद उधळली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १० एप्रिल १९५९ ला, भारतीय हवाई दलाचं कॅनबेरा विमान पाकिस्तानने रावळपिंडीजवळ पाडलं होतं. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छच्या हद्दीवर भारताच्या मिग-२१ ने पाकिस्तानचं अटलांटिक विमान पाडलं, त्यात १६ जण गेले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, पण हा खटला आपल्या अधिकारात येत नाही असं न्यायालयाने सांगितलं.

आणि कॉटनची हुबेहूब आठवण यावी अशी घटना घडली १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री. एका मालवाहू विमानाने पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात पॅराशूटने शस्त्रं टाकली. ते विमान कराचीमार्गे आलं होतं आणि नागरी परवानगी घेऊन भारतात शिरलं होतं. शस्त्रं टाकून ते निघूनही गेलं. काही दिवसांनी तेच विमान परत भारतावरून जायला लागलं, तेव्हा हवाई दलाने त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं.

आज अनेक देशांनी हद्दीच्याही बाहेर ओळख पटवण्याचा पट्टा आखलेला असतो. त्यात शिरणाऱ्या विमानाने आपण कोण, कुठून आलो, कुठे चाललो हे सांगायचं. उत्तर आलं नाही तर लढाऊ विमानं उडतात, शेजारी जाऊन पंख हलवून इशारा देतात आणि आपल्यामागे यायला सांगतात. गोळी हा शेवटचा मार्ग. तरीही विमानं मुद्दाम हद्दीच्या काठाकाठाने फिरतात. समोरच्याला आपण किती वेळाने दिसतो, त्याची विमानं कुठून आणि किती मिनिटांत येतात, हे त्यातून कळतं. आत शिरायच्या आधीच समोरच्या घराची कडी तपासून बघण्याचा हा प्रकार.

आकाशावर हक्क करारात लिहून मिळतो. पण तो टिकतो तो बघणारी नजर आणि अडवणारा हात असेल तरच. १९४८ मध्ये भारताकडे हक्क होता, नजर आणि हात अजून तयार व्हायचे होते. म्हणून लातूरच्या डोक्यावरचं आकाश अडवायला शेवटी बीदरची जमीन घ्यावी लागली.

आता त्याच बीदरमध्ये भारतीय हवाई दलाचा मोठा तळ आहे. तरुण वैमानिकांना तिथे हॉक विमानांवर तयार केलं जातं, सूर्यकिरण हे कसरती करणारं पथकही तिथलंच. ज्या बीदरला एकेकाळी चोरून आलेली विमानं उतरायची, तिथे आता या आकाशाचे राखणदार घडतात.